मणकाकाचं माप

ऐका ना, मधे कुणी बोलू नका. मधे बोललात की माझा धागा सुटतो आणि मी एकदम मगरीवर जाऊन पोचते, आणि मगर तर पार शेवटी आहे.

तर आमचं दुकान तुम्हाला माहितीये. वजनकाटे दुरुस्तीचं. पुढे दुकान, मागे घर, मधे एक पडदा, आणि तो पडदा कायम कुणाच्या तरी डोक्यावर अडकलेला. दारावर पाटी आहे, 'मापात पाप नाही'. पेंटरने 'पाप' जरा ठळक काढलंय, त्यामुळे रस्त्याच्या पलीकडून तेवढंच वाचता येतं. बाबांना त्याचं काही नाही. ते म्हणतात, जवळ आलं की खरं कळतं.

घरात आम्ही पाच जण. बाबा, आई, मी, बाबांची मोठी बहीण म्हणजे आत्या आणि धाकटा भाऊ म्हणजे काका. आत्याला सगळी गल्ली तोळाआत्या म्हणते, कारण ती काउंटरमागे बसलेली असताना गिऱ्हाईक आत येऊन "कुणी आहे का?" असं विचारतं. आणि काकाला मणकाका. का ते तुम्ही बघितलंय. तो बाकावर बसला की आधी बाक उसासा टाकतो, मग काका. पण हात काय हलका आहे त्याचा. सोनाराचा तराजू असू दे नाहीतर गोदामातला पोत्यांचा काटा, काकाने नुसतं बोट लावलं की काटा शहाण्या मुलासारखा शून्यावर येऊन बसतो.

काकाच्या कामाच्या टेबलासमोर भिंतीवर एक कॅलेंडर आहे. कधीचं जुनं झालंय, पण काढायचं नाही, कारण त्या पानावर दलदलीचा फोटो आहे. ते राष्ट्रीय उद्यान आहे ना, तिथला. पाण्यात पाय सोडून उभी असलेली झाडं, माणूस बुडेल एवढं गवत, आणि मधोमध एक पांढरा पक्षी. चोच अगदी चमच्यासारखी, म्हणजे त्याला फक्त वाटी द्यायची बाकी. काका त्या पक्ष्याकडे बघत बघत आजवर स्क्रू पिळत आलाय. त्याचा आवाजसुद्धा काढतो. ऐकलेला नाही कधी, पण ठरवून टाकलाय. तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. किर्र, किर्र, मग मधे थांबून एक बारीक किर्र.

"असाच असणार," म्हणतो. "एवढी मोठी चोच उघडायची मिटायची म्हणजे कुरकुर होणारच."

आता त्या उद्यानात रस्ता थोडासाच आत जातो. पक्ष्यांची घरटी आहेत तिथवर फक्त एक सपाट बुडाची छोटी होडी जाते. एका दिवशी एकच कुटुंब. पाणी चढलं की तेही बंद. काका दर हंगामात नंबर लावायचा, आणि दर हंगामात नाही लागला असा मेसेज यायचा, आणि काका म्हणायचा, "पक्षी कुठे पळून जातोय."

यंदा लागला.

काका एवढा पटकन उठला की बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मी थेट जमिनीवर. मला कुणी उचललं नाही. सगळे फोनला चिकटलेले. आत्या चष्मा लावून मोठ्याने वाचत होती, "अभिनंदन, अमुक तारीख, टोपी आणावी, मगरींना खायला घालू नये," आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "होडीत बसणाऱ्यांचं सामानासकट एकूण वजन चारशे किलोच्या आत असावं. वजन धक्क्यावर केलं जाईल. जास्त भरल्यास एकाने काठावर थांबावं."

हे दुसऱ्या कुठल्या घरी आलं असतं तर लोक म्हणाले असते, बघू तिथे गेल्यावर. आमच्या घरी बाबांनी टीव्ही बंद केला, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "चला, एकेक जण काट्यावर."

दुकानात मधोमध एक मोठा काटा आहे, ताटाएवढी तबकडी असलेला. आम्ही त्याला घरचा काटा म्हणतो. सगळे चढलो, उतरलो. मग सामान चढवलं. खाण्याची पिशवी, पाणी, छत्र्या, डासांचं मलम, आत्याची घडीची खुर्ची, आणि अर्थात बाबांची पेटी.

पेटी माहितीये ना? लाकडी आहे, आत लोखंडी प्रमाण वजनं. काटा खरा बोलतोय की खोटा ते त्यांनी तपासायचं. बाबा पेटीशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. लोकांच्या लग्नाला नेतात. माझा जन्म झाला तेव्हा नर्सने माझं वजन सांगितलं, तर बाबा म्हणाले, "थांबा, आधी काटा तपासू." मी टॉवेलात रडतेय आणि बाबा दवाखान्याच्या काट्यावर लोखंड मांडतायत. आई अजून त्याबद्दल बोलत नाही त्यांच्याशी. म्हणजे बोलते, पण त्या विषयावर नाही.

बेरीज आली चारशे अठरा.

आता आमच्या घरात बेरीज-वजाबाकी न येणारं कुणी नाही. कुणीही एक जण कमी झाला तरी काम होत होतं. पण सगळे इतक्या कसोशीने काकाकडे न बघता उभे होते ना, की काकाला कळलंच. बाबा छताकडे बघतायत, आई पंख्याकडे, आत्या तर स्वतःच्या नखाकडे.

"मी थांबतो की काठावर," काका म्हणाला. "मला काय. तिथूनही दिसेल."

"तिथून काय दिसतं?" आईने विचारलं.

काकाने जरा विचार केला. "पार्किंग."

"गप बस," आत्या म्हणाली. "त्या पक्ष्याच्या नावाने आजवर आमचे कान किटवलेस आणि आता पार्किंग बघणार म्हणे."

बाबांनी फर्मान काढलं. अठरा किलो, पाच जणांत वाटून घ्यायचे. कुणी काठावर राहणार नाही.

झालं. त्या दिवसापासून घरात काकडी. सकाळी काकडी, संध्याकाळी काकडी, मधे भूक लागली तर काकडीची आठवण. बाबांनी मिशी काढली. आत्या केस कापून आली, थेट काट्यावर चढली, आणि काटा तसूभर हलला नाही. तिने काट्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता तो घाबरून तरी खाली येईल. मी पायाची नखं कापली. हसू नका, मोहिमेत उतरलं की माणूस काहीही करतो. आईने सामानातल्या सगळ्या टूथब्रशचे दांडे अर्धे तोडले. मी म्हटलं, आई, आपण तिथे राहायला नाही जात, संध्याकाळी परत येतोय. आई म्हणाली, मग ब्रश कशाला घेतलेत? आणि सगळे काढून टाकले. अर्धे दांडे आम्ही अजून वापरतोय.

तालीमसुद्धा झाली. जमिनीवर चादर म्हणजे होडी. काका मधोमध, बाकीचे कोपऱ्यांत, म्हणजे तोल जायला नको. बाबा होडीवाल्याच्या जागी उभे राहून प्रश्न विचारायचे.

"मगर आली तर?"

"हलायचं नाही," मी.

"ओरडायचं नाही," आई.

"तिला सांगायचं, बाई, पुढच्या होडीने ये, आमचं आधीच जास्त झालंय," आत्या.

काका हसायचा, पण कमी. काका सगळ्यांत जास्त झटत होता हो. जिने चढउतार, गल्लीला फेऱ्या, आणि दर आठवड्याला काट्यावर चढताना पोट आत ओढून श्वास धरायचा. ज्याने जन्मभर काटे दुरुस्त केले त्याला माहीत नाही का, श्वास धरून वजन कमी होत नाही ते? तरी धरायचा. आणि मग एके दिवशी माझ्या लक्षात आलं की घरात किर्र किर्र बंद झालंय. काका मांडीवर तराजू घेऊन काम करतोय, आणि त्याची पाठ टेबलाकडे, म्हणजे कॅलेंडरकडे. खुर्ची फिरवून घेतली होती त्याने.

ते आम्हा सगळ्यांना दिसलं.

जायच्या आदल्या दिवशी शेवटचं वजन व्हायचं होतं, दुपारी, जेवण म्हणजे काकडी झाल्यावर. आणि माझ्या डोक्यात एक पाप आलं.

काट्याच्या मागे दोन स्क्रू असतात. एक शून्याचा. दुसरा मापाचा. हा दुसरा जरा ढिला केला की रिकामा काटा शून्यावरच दिसतो, कुणाला शंका नाही, पण वर माणूस चढला की हलका दाखवतो. आमच्या घरात त्या स्क्रूला खोटेपणाने हात लावणं म्हणजे वाढलेल्या ताटात पाय ठेवणं. पण मला वाटलं, अर्धा आटा. फक्त काकाने खुर्ची परत फिरवावी म्हणून. पुढचं पुढे.

बाहीत स्क्रूड्रायव्हर लपवून गेले, तर काट्यामागे आई उकिडवी बसलेली.

"काय करतेस?"

"झाडतेय."

"झाडू कुठाय?"

"तोच शोधतेय."

मी परत आले. थोड्या वेळाने गेले, तर आत्या. म्हणे उन्हाला बसलेय. तिथे ऊन येत नाही. तिथे कधीच ऊन आलेलं नाही. तिसऱ्यांदा गेले तर बाबा. पोटावर आडवे, डोकं काट्याखाली.

"बाबा?"

"मुंगी होती."

"कसली मुंगी?"

"एक होती. गेली."

मी नाद सोडला. एका स्क्रूला एवढी रांग मी कधी बघितली नव्हती, आणि खरं सांगते, तोवर माझी ट्यूब पेटलेली नव्हती.

दुपारी सगळे जमलो. आधी आत्या चढली. तबकडीवर आलं बावीस किलो.

आत्या खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "बारीक झालेय खरी."

बाबा चढले. चौतीस. बाबांचा चेहरा दगडाचा. आई चढली, तीस. मी चढले, पंचवीस. मी हसू दाबायला गाल चावला तर तो गालच जड वाटायला लागला. कुणी कुणाकडे बघेना. त्या तिघांतल्या प्रत्येकाला वाटतंय, अरे देवा, मी जरा जास्तच फिरवला.

मग काका चढला. पोट आत, श्वास बंद, डोळे मिटलेले. काटा हळूच फिरला आणि थांबला.

काकाने डोळे उघडले. "साठ," तो म्हणाला. मग बराच वेळ तबकडीकडे बघून म्हणाला, "पाचवीत असताना मी याहून जास्त होतो."

"काकडी," बाबा म्हणाले. "काकडीचा गुण."

"हो ना, आता होडीत अजून एक कुटुंब बसेल," मी म्हटलं, आणि आईने मला चिमटा काढला.

काका उतरला, काट्यामागे गेला, वाकला. आम्ही चौघे शाळेत उभं केल्यासारखे ओळीत. तो बोटाने स्क्रू चाचपत होता.

"हा बारीक ओरखडा वहिनीचा. वहिनी चाकूच्या टोकाने पिळते. हे तिरकं नेलकटरचं. ताई, तू?"

"मी ऊन शोधत होते," आत्या म्हणाली.

"आणि हे..." काका थांबला. मग सरळ उभा राहिला. "दादा. हा तर तुझा स्क्रूड्रायव्हर आहे."

बाबांनी दारावरच्या पाटीकडे बघितलं. पाटी आतून कोरी आहे, तरी बघितलं.

"मी अर्धाच आटा फिरवला," बाबा म्हणाले.

"मी पण अर्धाच," आई म्हणाली, "भाऊजी, शपथेवर."

"मी मोजले नाहीत," आत्या म्हणाली.

काकाने तोंड फिरवलं, शर्टाच्या बाहीने चष्मा पुसला, आणि मला वाटलं आता हा रडतोय, तर त्याचे खांदे हलायला लागले, आणि तो जो हसला ना, काउंटरवरचे सगळे तराजू डोलायला लागले. "बावीस किलो," म्हणायचा आणि परत हसायचा. "ताई, बावीस किलोला वारा आला तर तू जाशील उडून." मग सगळेच हसलो. बाबांनाही हसू आलं, मिशी नसल्यामुळे ते पहिल्यांदाच नीट दिसलं.

"पण खोटं माप घेऊन पाण्यात जायचं नाही," काका म्हणाला. "माझ्यासाठी तर नाहीच. होडी बुडाली तर मगरीला काय सांगणार?" आणि तो काटा नीट करायला बसला.

काटा नीट करायचा म्हणजे काय, तर वर प्रमाण वजनं ठेवायची आणि तेवढंच दाखवेपर्यंत स्क्रू फिरवायचा. काकाने सामानातली पेटी ओढली, उघडली, एकेक लोखंड काढून वर मांडलं. शेवटचं वजन हातात धरलेलं असताना तो थांबला. हात तसाच हवेत.

"दादा, सामानाचं वजन केलं तेव्हा ही पेटी कुठे होती?"

"कुठे म्हणजे? सामानात."

"वजनांसकट किती आहे ही?"

"पंचवीस किलो," बाबा अभिमानाने म्हणाले. मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, म्हणजे जिना उतरावा तसा, पायरी पायरीने.

"म्हणजे," आत्या म्हणाली, "आपण इतके दिवस उपाशी राहून लोखंड फिरायला नेत होतो."

खरं सांगते, आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. पेटी म्हणजे आम्हाला सामान वाटतच नाही. पेटी म्हणजे बाबांचा हात. हात कुणी घरी ठेवून जातं का?

"आणि तिथला काटा चुकीचा असला तर?" बाबा म्हणाले.

"अहो," आई म्हणाली, "तुम्ही काठावर थांबता की पेटी थांबवता?"

बाबांनी विचार केला. जरा जास्तच वेळ केला, आईने ते लक्षात ठेवलंय. मग त्यांनी स्वतः पेटी उचलली, फळीवर ठेवली, वर कापड घातलं आणि कापडाची सुरकुती काढली. आम्ही खऱ्या काट्यावर खरं वजन केलं. सगळे मिळून तीनशे पंच्याऐंशी. त्यात काका एकशे अठ्ठावीस. संध्याकाळी त्याची खुर्ची परत कॅलेंडरकडे वळलेली होती.

आता धक्का. म्हणजे लाकडी फळ्या, खाली हिरवं पाणी, सगळीकडे चिखलाचा वास, आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला होडीवाला. त्याच्याजवळ एक तबकडीचा काटा, त्यावर 'मगरींना खायला घालू नका' असं स्टिकर, नेमकं तबकडीच्या खालच्या भागावर चिकटवलेलं. एकेक जण चढलो, मग सामान. त्याने बेरीज केली, पेन कानामागे खोचलं आणि म्हणाला, "चारशे पंधरा. एकाने थांबायचं."

आणि तोही अगदी आमच्यासारखाच, कसोशीने काकाकडे न बघता उभा राहिला.

काकाने गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली. "पार्किंग तसं छान आहे," म्हणाला. "सावली आहे."

बाबांचा उजवा हात आपोआप खाली गेला, जिथे पेटी असते तिथे. मूठ मिटली ती हवेवर.

"तुमचा काटा चुकतोय," बाबा म्हणाले.

"सगळेच असं म्हणतात, साहेब."

"प्रमाण वजन आहे का एखादं?"

"ते काय असतं?"

बाबा हतबल. पेटी घरी, फळीवर, कापडाखाली. तेवढ्यात आत्या म्हणाली, "अरे, आणलंय की आपण. सगळ्यांत मोठं." आणि तिने काकाच्या दंडाला धरून त्याला पुढे केलं. "एकशे अठ्ठावीस किलो. काल दुपारी खऱ्या काट्यावर तपासलेलं. तेव्हापासून पोटात फक्त काकडी आहे, आणि काकडीला काही वजन नसतं हे आमच्या घरात सिद्ध झालंय."

काकाने बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली, दुकानात एखादं वजन मागताना हलवतात तशी. आणि काका चढला. पोट आत नाही, श्वास धरलेला नाही, खांदे ताठ, दोन्ही हात बाजूला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो काट्यावर असा उभा राहिला, म्हणजे जसं काही काट्याचंच वजन होणार आहे.

एकशे तेहतीस.

"पाच जास्त," काका म्हणाला. "आता ताईला बघ." आत्या, पाच जास्त. मी, पाच जास्त. होडीवाल्याने डोकं खाजवलं. काकाने वाकून नखाने ते स्टिकर सोलून काढलं, तर खाली झाकलेलं शून्य दिसलं, आणि रिकामा काटा आरामात पाचावर उभा. मग दोघांनी मिळून काट्याची वरची उभं राहायची फळी पालथी केली. खालच्या बाजूला वाळलेल्या चिखलाचा हा एवढा थर, आणि त्यात घर करून बसलेला एक खेकडा, ज्याला आमचं येणं अजिबात आवडलं नव्हतं.

होडीवाला बघतच राहिला. "म्हणून," म्हणाला, "मी बायकोला सांगत होतो, हल्ली सगळे जाडेच येतायत."

चिखल काढला, खेकडा गेला, बेरीज तीनशे पंच्याऐंशी. काका होडीत मधोमध बसला, होडीने उसासा टाकला, मग काकाने, आणि आम्ही निघालो.

आणि होता. तो पक्षी होता. पाण्यातल्या झाडाच्या बुंध्याशी, चमचा पाण्यात घालून डावीकडे उजवीकडे फिरवत, अगदी चहात साखर ढवळावी तसा. काका नुसता बघत होता, तोंड उघडं. मग त्याला राहवेना. त्याने हळूच आवाज काढला. किर्र, किर्र, मधे थांबून एक बारीक किर्र.

पक्ष्याने वरसुद्धा बघितलं नाही.

"हा आवाज कुठे शिकलात?" होडीवाल्याने एकदम दबक्या आवाजात विचारलं.

"त्याचाच आहे ना, पक्ष्याचा," काका म्हणाला.

"नाही हो. तो पक्षी बहुतेक गप्पच असतो. हे मगरीचं पिल्लू आईला हाक मारतं तसं आहे."

आणि डावीकडचं गवत हललं. आधी दोन डोळे आले, मग खूप वेळाने शेपूट, म्हणजे मधे किती मगर असेल ते तुम्हीच ठरवा. ती थेट आमच्याकडे, म्हणजे काकाकडे, लेकराकडे बघावं तशी बघत थांबली. आम्ही तालमीतल्यासारखे, कुणी हललं नाही, कुणी ओरडलं नाही.

"पंधरा किलोंची जागा आहे होडीत," आत्या ओठ न हलवता म्हणाली, "पण ही काही त्यात बसायची नाही."

आणि काका, एकशे अठ्ठावीस किलोंचा माझा काका, डोळे चमकतायत नुसते, माझ्या कानाशी येऊन म्हणतो, "अजून एकदा काढू का?"